मुक्काम पोस्ट एरिचे

मागच्या अंकात इटलीतल्या सिसिली बेटावर लिहिताना एरिचे या गावाबद्दल मी जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या. त्रापानी शहराच्या डोक्यावर साडेसातशे मीटर उंच एकटा डोंगर आहे, त्यावर मध्ययुगातलं दगडी गाव आणि ‘व्हीनसचा किल्ला’ आहे, पायथ्याशी समुद्र आहे आणि जमलं तर वर एक रात्र राहा, एवढंच. त्यावर इतके मेल आलेत की या वेळचं सदर अख्खं एरिचेलाच देऊन टाकतेय. आधी एक सांगते, अर्ध्या लोकांनी ‘एराइस’ लिहिलंय, काहींनी ‘एरीस’, एका भाऊंनी तर चक्क ‘इराक’ (ऑटोकरेक्टची कृपा असावी). उच्चार एरिचे, पहिल्या ‘ए’वर जोर. बसवाल्याला एराइस म्हणालात तर तो तुम्हाला कुठे सोडेल याची गॅरंटी माझी नाही.

मी ६८, ही ६४, हिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मुलगी म्युनिकला असते, मेमध्ये तिच्याकडे महिनाभर जातोय, त्यातले सहा दिवस सिसिलीत. मुलगी म्हणते रोपवे आहे, आरामात जाल. खरं आहे का? आणि व्हिसा जर्मनीचा काढायचा की इटलीचा? (एक काका, नाशिक)

काका, व्हिसाचं आधी उरकते. शेंगेनमध्ये (म्हणजे एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश) जिथे जास्त दिवस राहणार तिथला व्हिसा काढायचा, म्हणजे तुमचा जर्मनीचा. त्यावर इटलीत बिनधास्त फिरता येतं. इन्शुरन्स मात्र किमान ३० हजार युरो कव्हरचा आणि पूर्ण शेंगेन भागात चालणारा हवा, ते एजंटला दोनदा विचारा.

आता गुडघा. मुलगी खरं बोलतेय पण अर्धंच बोलतेय. त्रापानीच्या कडेला रोपवेचं खालचं स्टेशन आहे, शहरातून सिटी बस मिळते, केबिनमध्ये बसायचं आणि दहाएक मिनिटांत वर. रायगडाच्या रोपवेत बसला असाल तर तसंच समजा, फक्त इथे पाठीमागे वळून बघितलं की दरीऐवजी समुद्र वर वर येताना दिसतो. वरचं स्टेशन पोर्ता त्रापानी या गावाच्या वेशीजवळच आहे, त्यामुळे चढायचं टेन्शन नाही. पण काकूंची खरी परीक्षा वेशीच्या आत सुरू होते. एरिचेचे रस्ते म्हणजे फरसबंदी, आणि ती पण साधी नाही, लांबट दगडांच्या पट्ट्यांनी चौकोन आखलेत आणि त्या चौकोनात छोटे छोटे दगड ठासून बसवलेत, शेकडो वर्षं पाय घासून घासून ते असे गुळगुळीत झालेत की पाटा-वरवंट्यातला वरवंटा आठवावा. दिसायला इतकं सुंदर की खाली बघत बघतच चालावंसं वाटतं, आणि खाली बघत चालावंच लागतं, कारण धुक्याने ते ओले झाले की साबणावरून चालल्यासारखं होतं. शिवाय सगळं चढउताराचं. माझ्या सासूबाई ७२ व्या वर्षी माझ्यासोबत होत्या, त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत जाहीर केलं की मी सँडल घालणार नाही आणि पिशवीतून मॉर्निंग वॉकचे बूट काढून साडीखाली घातले, फोटोत ते दिसतात, त्यांना काही फरक पडत नाही.

तर काकूंना चांगल्या ग्रिपचे बूट, एक काठी, आणि मुख्य रस्त्याने हळूहळू चौकापर्यंत. वेशीतून शिरल्या शिरल्या डावीकडे मोठं चर्च आहे, चिएझा मात्रे, १३१४ च्या सुमाराचं, सिसिलीचा राजा फ्रेडरिक तिसरा याच्या काळातलं, आणि शेजारी सुटा उभा असलेला घंटेचा मनोरा, जो मुळात टेहळणी बुरूज होता. चर्चमध्ये मान वर करून छत बघा, चुनेगच्चीची अशी नक्षी आहे की कुणीतरी क्रोशाचं काम वर ताणून बसवलंय (हे आतलं काम मात्र १९ व्या शतकातलं, कुणी मध्ययुगीन म्हणून सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या). एवढं झालं आणि गुडघ्याने तक्रार केली नाही तर पुढे किल्ला, तो गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तक्रार केली तर चौकात कॉफी.

आणि हो, वारा जोरात सुटला की रोपवे बंद करतात, मेंटेनन्ससाठीही मधूनच बंद असतो. निघायच्या दिवशी सकाळी चौकशी करा. बंद असेल तर त्रापानीहून वळणावळणाची बस जाते, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊन बसावं.

ताई, तुमचं ऐकून गेलो आणि पस्तावलो. वर पोचलो तर पांढरं. किल्ला नाही, समुद्र नाही, समोरचा माणूस नाही. दीड तास थंडीत कुडकुडलो, दोन महाग कॉफ्या प्यायलो आणि खाली आलो. खाली लख्ख ऊन! हे तुम्ही लिहिलं का नाही? (वैतागलेला वाचक, ठाणे)

चूक कबूल. लिहायला हवं होतं. तुमच्या मेलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे “खाली लख्ख ऊन”, कारण एरिचेचा सगळा खेळ त्यातच आहे. हा डोंगर समुद्राला लागून एकटाच उभा आहे, आजूबाजूला रांगा नाहीत, समुद्रावरून ओलसर हवा आली की तिला जायला दुसरी वाट नसते, ती उतारावरून वर चढते, चढता चढता गार होते आणि नेमकी गावात येऊन तिचं ढग होतं. म्हणजे तुम्ही ज्याला धुकं म्हणालात तो ढगच, आणि तो फक्त एरिचेवर टोपीसारखा बसलेला असतो. खालून बघितलं तर दिसतोही तसा. आपल्या घाटमाथ्यावर जे होतं तेच, फक्त इथे ते मे महिन्यातही होतं, आणि ऑगस्टमध्येही एखाद्या दुपारी होतं. तिथले लोक याला व्हीनसची (या डोंगरावरची जुनी देवी) चुंबनं म्हणतात, आता तुमच्या मूडमध्ये तुम्ही काय म्हणाला असाल ते मी समजू शकते. खालच्यापेक्षा वर चारपाच डिग्री तरी कमी असतात, वारा असला तर त्याहून गार वाटतं, म्हणून त्रापानीत टीशर्टवर फिरत असलात तरी जाकीट घेऊनच केबिनमध्ये बसायचं.

पण तुमचं चुकलं कुठे सांगू का, दीड तासात खाली आलात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमचंही सेम झालं होतं. दुपारी चारला पोचलो, काही म्हणजे काही दिसेना, सासूबाई म्हणाल्या, “अगं हे तर जुलैतलं माथेरान, यासाठी एवढा पैसा?” नवरा गप्प, कारण बुकिंग त्याने केलं होतं. खोली वेशीच्या आत होती म्हणून परतायचा मार्गच नव्हता, नाहीतर आम्हीही तुमच्यासारखेच खाली पळालो असतो. मग संध्याकाळी ट्रिपवाले सगळे उतरून गेले आणि गाव एकदम रिकामं झालं. हिवाळ्यात तर तटाच्या आत राहणारी माणसं थोडकीच असतात, बाकी सगळे खाली राहायला गेलेत. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. दिव्यांचा पिवळा उजेड ढगात पसरलेला, भिंतीवरून पाणी ओघळतंय, आणि कुठूनतरी बदाम भाजल्याचा वास येतोय, म्हणून त्या वासाच्या मागे मागे निघालो तर एका दारातून आत अंगण दिसलं. या गावाची घरं रस्त्याकडे पाठ करून बसलेली आहेत, रस्त्यावर नुसती कोरी दगडी भिंत आणि एक दार, आणि आत शिरलं की फरसबंद चौक, कुंड्या, विहीर, वर जाणारा दगडी जिना. सासूबाईंचं माहेर वाड्यातलं. त्या त्या दारात बराच वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, “आमच्या चौकात हौद इकडे होता.” त्यानंतर माथेरानचा विषय निघाला नाही.

सकाळी सहाला खिडकी उघडली तर ढग खाली सरकलेला. आधी नुसती बेटांची डोकी दिसली, एगादी बेटं ती, फाविन्याना, लेवान्झो आणि सगळ्यात मागे मारेत्तिमो, मग हळूहळू पांढरं विरत गेलं आणि खाली त्रापानीचा विळ्यासारखा वाकलेला काठ आणि त्याच्या शेजारी मिठागरं. वरून मिठागरं म्हणजे जमिनीवर मांडलेल्या काचा, कुठली निळी, कुठली करडी, कुठली गुलाबी. पाऊण तास हे चाललं आणि आठ वाजता परत सगळं पांढरं. तुम्ही दीड तास थांबलात, तो चुकीचा दीड तास निघाला, एवढंच.

मी इतिहासाची शिक्षिका आहे. तुम्ही लिहिलंत की किल्ल्याला ‘व्हीनसचा किल्ला’ म्हणतात. ख्रिश्चन लोकांनी बांधलेल्या किल्ल्याला रोमन देवीचं नाव कसं? (सोलापूर)

बाई, हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण बाकीचे मेल पार्किंगचे आहेत.

किल्ला नॉर्मन लोकांच्या काळातला, १२ व्या-१३ व्या शतकातला, पण तो ज्या कड्यावर आहे तिथे त्याच्या आधी हजार-दीड हजार वर्षं देवीचं ठाणं होतं. देवी एकच, नावं बदलत गेली. या भागात मूळचे एलिमी लोक होते, मग समुद्रावर व्यापार करणारे फिनिशियन आणि समोरच्या आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचे लोक आले त्यांनी तिला अस्तार्ते म्हटलं, ग्रीकांनी अफ्रोदिती, रोमनांनी व्हीनस एरिचिना, म्हणजे एरिक्सची व्हीनस, एरिक्स हे डोंगराचं जुनं नाव. भूमध्य समुद्रात जहाज हाकणाऱ्यांना हा डोंगर लांबून दिसायचा, त्यामुळे खलाशांची देवी. देवळात सोन्याचांदीचे नवस इतके साठले होते की पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने सिसिलीतलं सगळ्यात श्रीमंत देऊळ हेच असं लिहून ठेवलंय.

आणि त्या चांदीवरून एक भारी किस्सा आहे, वर्गात सांगा, पोरं लक्षात ठेवतील. जवळच सेजेस्ता नावाचं शहर होतं (तिथलं ग्रीक पद्धतीचं देऊळ अजून उभं आहे, एरिचेहून गाडीने तासाच्या आत). या सेजेस्तावाल्यांचं शेजाऱ्यांशी भांडण, आणि त्यांना अथेन्सची मदत हवी होती, पण अथेन्स म्हणालं की आधी दाखवा तुमच्याकडे पैसा किती आहे. मग त्यांनी अथेन्सच्या माणसांना एरिक्सच्या देवळात नेऊन चांदीची भांडी दाखवली, जी दिसायला ढीगभर पण किमतीला बेताची. आणि नंतर घरोघर मेजवान्या दिल्या, प्रत्येक घरात सोन्याचांदीचे पेले, पण पेले तेच! या घरातले त्या घरात, शेजारच्या गावातूनही उसने आणलेले. पाहुणे खूश होऊन घरी गेले, अथेन्सने इ. स. पूर्व ४१५ मध्ये आरमार पाठवलं, आणि ती मोहीम शेवटी अथेन्सला अशी महागात पडली की विचारू नका. हे थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय, माझ्या मनचं नाही. लग्नात शेजारणीचा हार घालून मिरवणं वेगळं, इथे आख्खं आरमार बुडालं.

रोम आणि कार्थेजच्या पहिल्या युद्धातही हा डोंगर मधोमध सापडला. रोमनांनी माथा धरलेला, पायथ्याशीही रोमन, आणि कार्थेजचा हामिल्कार बार्का (हॅनिबलचा बाप) मधल्या उतारावरचं गाव बळकावून दोनेक वर्षं तिथेच चिकटून बसला, वरून मार, खालून मार. इ. स. पूर्व २४१ मध्ये समोरच्या एगादी बेटांपाशी कार्थेजचं आरमार हरलं तेव्हा कुठे तो खाली उतरला. पुढे कार्थेजचा सेनापती म्हणून हॅनिबलने रोमची दाणादाण उडवली तेव्हा घाबरलेल्या रोमनांनी याच एरिचेच्या देवीला नवस बोलला आणि इ. स. पूर्व २१५ मध्ये रोमला कॅपिटोलिन टेकडीवर तिचं देऊळ बांधलं. ज्या डोंगरावर बाप अडून बसला तिथलीच देवी पोराच्या विरोधात नेली, हे मला फार आवडतं.

देवीची कबुतरं होती. दर वर्षी देवी समुद्रापार आफ्रिकेत जाते, कबुतरंही तिच्याबरोबर जातात अशी समजूत, नऊ दिवस एकही कबुतर दिसायचं नाही, आणि मग समुद्रावरून आधी एक लाल कबुतर यायचं, मागून बाकीचा थवा. देवी परत आली म्हणून उत्सव. नऊ दिवस हा आकडा वाचून मी पण थबकले होते, पण संबंध जोडत बसू नका, काही नाही.

नॉर्मनांनी किल्ला बांधताना देवळाचे दगड वापरले. आज देवळाचं म्हणाल तर थोडे चिरे, पायाच्या खुणा आणि व्हीनसची विहीर म्हणून दाखवतात ती, एवढंच आहे, भव्य काहीतरी बघायला मिळेल म्हणून जाऊ नका. गावाचं नावही मध्ये बदललं होतं, कित्येक शतकं ते मोन्ते सान ज्युलियानो होतं, एका संताच्या नावावरून, १९३४ मध्ये परत एरिचे केलं. तुम्ही जाल तेव्हा किल्ल्याइतकाच वेळ पश्चिमेच्या तटाला द्या, पोर्ता त्रापानीपासून पोर्ता स्पादापर्यंत. खालचे प्रचंड धोंडे सगळ्यात जुने, वर वर लहान होत जाणारे नंतरचे. त्यातल्या काही दगडांवर फिनिशियन अक्षरं कोरलेली आहेत, बेत, आयिन, पे. बेत म्हणजे घर, आयिन म्हणजे डोळा, पे म्हणजे तोंड, अक्षरांची नावंच तशी आहेत. शोधायला वेळ लागतो, सापडलं की मात्र हात लावून बघायचा मोह होतो.

आम्ही कांदा-लसूण खात नाही. तिथे उपाशी मरू का? (पुण्याहून एक ताई)

मरणार नाही पण पथ्य सांभाळताना नाकी नऊ येतील. त्रापानीकडचा पास्ता म्हणजे बुझियाते, लांब आणि स्प्रिंगसारखा पीळ दिलेला, त्यावर त्रापानीचं पेस्तो, ते बदाम, टोमॅटो, तुळशीच्या जातीतलं बेझिल आणि कच्चा लसूण खलबत्त्यात कुटून करतात. शाकाहारी माणसाला स्वर्ग, पण लसणाशिवाय ते होतच नाही, आणि तिथला लसूण लाल, नूबिया गावचा, त्याचा त्यांना इतका अभिमान की काढून टाका म्हटलं तर शेफच्या मनाला लागतं. तरी म्हणायचं, “सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला”, लसूण नको कांदा नको. ग्रिल केलेली वांगी-झुकिनी, रिकोत्ता, टोमॅटो, ब्रेड, ऑलिव्ह तेल, लिंबाची किंवा बदामाची ग्रानिता (बर्फाच्या गोळ्याची मऊ बहीण), यावर दोन दिवस मजेत निघतात.

कांदा-लसूण खाणाऱ्या शाकाहारी मंडळींना वेगळे खड्डे आहेत, तेही सांगते. रियानाता नावाचा तिथला पिझ्झा वरून ओरेगानो-टोमॅटोचा निष्पाप दिसतो पण त्यात अँचोवी मासा असतो. पाने कुन्त्सातो, म्हणजे तेल-टोमॅटो-चीज भरलेला पाव, त्यातही तोच मासा. “सेन्त्सा अच्चूगे” पाठ करून ठेवा. अरांचिना म्हणजे भाताचा तळलेला गोळा, ‘बटरवाली’ म्हणून घ्याल तर आत हॅम निघेल. आणि कुसकुस म्हटलं की आपल्याला भाजीची आठवते, इथे कुसकुस म्हणजे माशाच्या रश्शातलं, समोर आफ्रिका आहे त्याचा हा परिणाम. मासे खाणाऱ्यांनी ते सोडू नका, मी सोडलं नाही.

किचन दुपारी बंद होतं ते संध्याकाळी साडेसात-आठलाच उघडतं, आपल्याकडच्यासारखं पाचला काहीतरी गरम मिळेल असं धरून चालू नका. बिलात कोपेर्तो नावाचे माणशी एक-दोन युरो दिसतील, ती फसवणूक नाही, टेबलावर बसल्याचा चार्ज आहे.

कार भाड्याने घेणार आहोत, चार मित्र. एरिचेच्या आत गाडी जाते का? इंडियन लायसन्स चालतं का? (पुणे, आयटीवाले)

लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट लागतं, आरटीओतून काढा, वर्षभर चालतं. गाडी तटाच्या आत नेऊ नका, पोर्ता त्रापानीच्या बाहेर लावा, निळ्या रेघा म्हणजे पैसे भरून, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे विचारसुद्धा करू नका.

आत फक्त रहिवाशांच्या गाड्यांना परवानगी असते, इटलीतल्या बहुतेक जुन्या गावांत हेच, पाटीवर झेडटीएल लिहिलेलं असतं आणि वर कॅमेरा. कुणी शिट्टी मारत नाही, अडवत नाही, तुम्ही खुशाल आत जाता, फोटो काढता, घरी येता, विसरून जाता. आम्ही दुसऱ्या एका गावात असंच नव्वद सेकंद आत गेलो होतो, गूगल मॅप म्हणालं उजवीकडे म्हणून उजवीकडे. सात महिन्यांनी पत्र, आणि त्याआधीच गाडी देणाऱ्यांनी आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचा वेगळा चार्ज कार्डवरून कापलेला. म्हणजे आमचं नाव सांगितल्याचे पैसे आम्हीच दिले. नवरा अजून त्या मॅपवाल्या बाईच्या आवाजावर राग धरून आहे.

गाडी असेल तर येताना त्रापानी ते मार्सालाचा किनाऱ्याचा रस्ता घ्या. मुलुंड-भांडुपची मिठागरं ज्यांनी लोकलमधून बघितलीत त्यांना ओळखीचं वाटेल, फक्त इथे पवनचक्क्या आहेत, फ्लेमिंगो आहेत, आणि मिठाच्या लांबट ढिगांवर पावसापासून वाचवायला चक्क मातीची कौलं घालतात. घर नाही, भिंती नाहीत, नुसतं मीठ आणि त्यावर कौलारू छप्पर.

मुलगा फिजिक्समध्ये पीएचडी करतोय, त्याला एरिचेच्या एका समर स्कूलचं बोलावणं आलंय. एवढ्याशा गावात कसलं फिजिक्स? हे फ्रॉड तर नाही ना? (काळजीत असलेली आई, कोल्हापूर)

एरिचे आणि फिजिक्स हे खरं आहे, त्यात शंका नको. तिथे एत्तोरे मायोराना या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाचं सायन्स सेंटर आहे, अंतोनिनो झिकिकी या त्रापानीच्याच भौतिकशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये सुरू केलेलं, आणि ते गावातल्या जुन्या मठांमध्ये चालतं, म्हणजे जिथे साधू राहायचे त्या खोल्यांत आता लेक्चर ऐकायला आलेली मंडळी झोपतात. १९८२ मध्ये डिरॅक, कापित्सा आणि झिकिकी या भौतिकशास्त्रज्ञांनी संशोधनातली गुप्तता नको असं सांगणारं जाहीर निवेदन काढलं तेही एरिचेच्या नावानेच ओळखलं जातं. ज्यांचं नाव दिलंय ते मायोराना सिसिलीचेच, १९३८ मध्ये पालेर्मोहून निघाले आणि गायब झाले, वय अवघं ३१. हे मुलाला माहीत असणार, तुम्ही उगाच वाचून घाबरू नका. मेल खरा की खोटा हे मात्र त्याला त्याच्या गाइडकडून तपासून घेऊ दे, आणि स्वेटर द्या.

आमची टूर फक्त रोम आणि नेपल्स आहे, एक दिवस मोकळा. एरिचे जमेल का? (नागपूर)

नाही. नकाशा बघा, ते पार सिसिलीच्या पश्चिम टोकाला आहे. पालेर्मोहून त्रापानीलाच बसने दोनेक तास लागतात. त्यापेक्षा रोम-नेपल्सच्या मध्ये स्पेरलोंगा करा, समुद्रात घुसलेल्या खडकावरचं पांढरं गाव, रोमहून फोंदीपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. गावाखाली किनाऱ्यावर टायबेरियस बादशहाची गुहा आहे, तिथे तो जेवत असताना दरड कोसळली होती आणि तो थोडक्यात वाचला. तिथेच १९५७ मध्ये प्रचंड पुतळ्यांचे तुकडे सापडले, जोडून म्युझियममध्ये ठेवलेत. किंवा नेपल्सकडून रावेल्लो, पण तिथे जायला अमाल्फीची बस आणि त्या बसची गर्दी, ती तुमची तुम्ही बघा.

एरिचेहून घरी आणायला काय चांगलं? टिकेल असं सांगा. (दादर)

बदामाचं काहीही. इथल्या मठांत नन्स पिढ्यानपिढ्या बदामाची मिठाई करून विकायच्या, भिंतीतल्या फिरत्या फळीवरून, म्हणजे बाहेरच्याने पैसे ठेवायचे, फळी फिरायची, मिठाई बाहेर यायची, तोंड कुणी कुणाचं बघायचं नाही. मठ बंद पडले, पाककृती गावातल्या दुकानांत आल्या. फ्रुत्ता मार्तोराना म्हणून बदामाच्या लगद्याची फळं मिळतात, पीच, अंजीर, निवडुंगाची बोंडं, डागासकट रंगवलेली, माझ्या भाचीने खरं फळ समजून धुवायला घेतलं आणि रंग सगळा सिंकमध्ये. ती चारपाच आठवडे आरामात टिकतात, डब्यात घट्ट बसवून आणा.

जेनोवेझे मात्र आणायच्या भानगडीत पडू नका, ती तिथेच उभ्याने खायची. करंजीच्या पारीपेक्षा जाड आणि खुसखुशीत, गोल घुमटी, आत कस्टर्ड, भट्टीतून काढून वर पिठीसाखर भुरभुरून हातात देतात. पहिल्या घासाला जीभ भाजते आणि साखर काळ्या जाकिटावर पडते. कस्टर्डमध्ये अंडं असतंच, आणि पारीत काही ठिकाणी डुकराची चरबी, तिला स्त्रुत्तो म्हणतात, त्यामुळे शाकाहारी असाल तर “चे स्त्रुत्तो?” एवढं विचारा. सासूबाईंनी विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही, आणि हे सदर त्या वाचत नाहीत.